गोदाआत्याची टोळी

उस्मानचाचांचं नाव आधी घेते, मग बाकीचं सांगते. धाडच्या बाजारगल्लीत पत्र्याचे डबे, चिमण्या आणि कंदील दुरुस्त करणारे हे गृहस्थ त्या सकाळी आमच्या अंगणात उभे राहिले नसते, तर गोदाआत्याच्या हातचं जितंजागतं असं काहीच मागे उरलं नसतं. आभार मानायची रीत मला नीट ठाऊक नाही. मराठी तिसरीतून माझी शाळा सुटली. बीबीला, माझ्या माहेरी, वडिलांनी माझी पाटी फळीवर ठेवली ती ठेवलीच. तेव्हा लिहिण्यात काही मागंपुढं झालं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण चाचांचं नाव सगळ्यांच्या आधी यावं, एवढं मी बोरू हातात घेण्यापूर्वीच ठरवलं होतं.

गोदाआत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. ती गेली त्याला आता महिना उलटून गेला. आम्ही राहतो जबलपूरला. लढाई सुरू झाली, इथल्या सरकारी कारखान्यात माणसं हवी झाली, तसे माझे यजमान इकडे आले आणि मागून मी आले. मध्यप्रांत आणि वऱ्हाड कागदावर एक असेल, पण धाडहून इथं यायचं म्हणजे दोन गाड्या बदलायच्या, आणि उतरल्यावर कानावर एक शब्द ओळखीचा पडत नाही. त्या दिवशी दुपारी दारात नामदेव उभा. आमच्याच गल्लीतला, यांच्या लहानपणचा सोबती. कारखान्यात काम मिळतं का पाहायला आलेला. मला इतका आनंद झाला की मी आधी चहा टाकला. तो चहा प्यायला, इकडच्या हवेचं विचारलं, गव्हाचं विचारलं, आणि मग कप खाली ठेवून म्हणाला, "वहिनी, गोदाआत्या गेली."

मी विचारलं, "कुठी?"

कारण आत्या कुठं ना कुठं जायचीच. नदीवर जाई, संग्रामपूरला नणंदेकडे जाई, कोणाच्या बाळंतपणाला जाई. नामदेव खाली पाहत राहिला, तेव्हा मला कळलं. तीन दिवसांचा ताप आला म्हणे, चौथ्या दिवशी पहाटे... किती रडले ते लिहीत नाही. पण जरा बोलता आलं तसा पहिला प्रश्न तोंडातून निघाला तो, "अन् मासोळ्या?"

"थ्या उस्मानमियाच्या घरी हायेत म्हणते."

"जित्या हायेत का?"

"थे काही मी पाह्यलं नाही बा," नामदेव म्हणाला. तेवढ्यावर आम्ही निघालो.

आता मासोळ्यांचं सांगायला हवं, नाही तर वाचणाऱ्याला वाटेल, माणूस गेलं आणि ही बाई मासे विचारते. आत्याचे यजमान खामगावला कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनात मिस्त्री होते. जिनाचे मॅनेजर हौशी. त्यांच्या बंगल्यात लोखंडी चौकटीची काचेची पेटी होती आणि तिच्यात त्यांनी इथल्याच नदीनाल्यांतल्या लहान मासोळ्या पाळल्या होत्या. साहेबांची बदली झाली तेव्हा पेटी मिस्त्रींना देऊन गेले. पुढं मिस्त्रीही गेले. मूलबाळ नव्हतं. आत्या भावाकडे धाडला आली ती बैलगाडीतून, एक ट्रंक, एक हंडा, गोधडीत गुंडाळलेली काचपेटी, आणि मांडीवर मातीचं मडकं. मडक्यात मासोळ्या. गाडीच्या हिसक्यानं पेटीची एक बाजू तडकली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी उस्मानचाचांना बोलावणं गेलं. ही हकीकत आत्या इतकी रंगवून सांगायची की मी तिथं हजर होते असंच मला वाटतं. चाचांनी नवी काच बसवली, कडांना लुकण भरलं आणि विचारलं, "बाई, ह्याच्यात ठेवणार काय?"

"मासोळ्या."

"पकवाले?"

"पाह्याले."

चाचांनी हातातली सुरी खाली ठेवली. "पाहून पोट भरते का, बाई?"

"पाहा अन् मंग सांगा."

त्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी पेटी गळते का ते बघायला आले. तिसऱ्या दिवशीही गळती बघायला आले. मी लग्न होऊन आले तेव्हासुद्धा ते ओसरीवर येऊन, पेटीसमोर उकिडवे बसून, "गळत तं नाही ना?" असं विचारत. पेटी कधीच गळली नाही. तेही कधी चुकले नाहीत.

त्या मासोळ्यांना शास्त्रात काय म्हणतात ते मला माहीत नाही. बोटभर लांब, चांदीसारख्या, शेपटीपाशी एक काळा ठिपका. त्यांतले नर माजावर आले की पिकल्या मिरचीसारखे लाल होत. दिसायला गोजिरवाण्या, पण स्वभावानं अशा भांडखोर की विचारू नका. ही तिच्या मागं लागे, ती हिच्या शेपटीला टोचे, लगेच तिसरी मध्ये पडे. आणि इतकं भांडून पुन्हा सगळ्या एकत्रच. एक वळली की सगळ्या वळत, पडवीत मांजर आलं की सगळ्या एका कोपऱ्यात. आत्या त्यांना 'टोळी' म्हणे. "टोळीनं खाल्लं का?" "टोळी आज काऊन रुसली?" गावात हसायचे. बाजारच्या दिवशी कोणी ना कोणी ओसरीवर डोकावून म्हणायचं, "गोदाबाई, रस्सा कवा हाय?" आत्या म्हणायची, "तुह्या तेरवीले." असं बोलणं तिलाच शोभायचं, कोणी रागावत नसे.

मी त्या घरात आले ती फार भ्यालेली मुलगी होते. अजूनही भितेच, पण तेव्हा तर भांड्याचा आवाज झाला तरी दचके. घर शेतकऱ्याचं, माणसं खूप, दोन जावा माझ्या आधीच्या. वाईट कोणी नव्हतं, हे मी आज लिहून ठेवते. पण नवी म्हणजे नवी. पहिल्या दिवशी सासूबाईंनी मीठ मागितलं आणि मला ते सापडेना. "मिठाचं मडकं कुठी राह्यते हेबी मालूम नाही? बीबीले अळणी खात होते का वं तुमी?" थोरल्या जाऊबाई तोंडाला पदर लावून हसल्या. दुसऱ्या दिवशी हळदीवरून झालं, तिसऱ्या दिवशी चाळणीवरून. एकीनं म्हटलं की दुसरी म्हणे. मी चुलीकडे तोंड करून डोळे पुशी, धुराचं निमित्त होतंच.

मग एके सकाळी स्वयंपाकघरात गेले तर सगळा कल्ला चाललेला. सासूबाई मीठ शोधताहेत, थोरल्या जाऊबाईंना तिखटाचा डबा मिळत नाही, मधल्या जाऊबाई तेलाची बरणी शोधत न्हाणीपर्यंत जाऊन आल्या. रात्रीत फळ्याच्या फळ्या इकडच्या तिकडे. मडकं वरच्या फळीवर, हळद कोनाड्यात, चाळणी दाराच्या मागं. "हे कोणं केलं वं?" सासूबाई ओरडल्या. आत्या ओसरीवरून म्हणाली, "मुंग्या लय झाल्या होत्या, म्या साऱ्या फळ्या पुसून घेतल्या. कुठी काय ठेवलं थे मलेबी आता ध्यानात नाही." दोन दिवस त्या स्वयंपाकघरात कोणालाच काही सापडेना. तिघी-चौघी मिळून शोधायचो. तिसऱ्या दिवशी थोरल्या जाऊबाईंनी मला हाक मारली, "मथुरे, तुले चाळणी दिसली का वं?" आणि मला दिसली होती! त्यांच्या हातात नेऊन दिली तेव्हा त्या पहिल्यांदा माझ्याकडे पाहून, तोंडावर पदर न घेता हसल्या.

मुंग्यांवर माझा तेव्हा विश्वास बसला होता.

पुढच्या उन्हाळ्यात कडक ऊन पडलं. आत्या पेटीवर ओलं पोतं टाकी, दुपारी ती घडवंचीसकट आतल्या भिंतीला सरकवी, तरी काही मासोळ्या दगावल्या. मोजक्याच उरल्या. आणि त्यांतली सगळ्यांत मोठी, लाल झालेली, बाकीच्यांच्या अशी हात धुवून मागं लागली की एकीची शेपटी नुसती झालर होऊन राहिली. माझ्यानं बघवेना. मी म्हटलं, "आत्या, ती एक खराब आहे. तिलाच काढून मडक्यात ठेवू ना."

"ठेवून पाह्यलं हाय म्या, मागच्या साली. तिले काढलं का दुसरी तशीच होते. थे खराब नाही वं, मथुरा. थ्या कमी हायेत. कमी असल्या का साऱ्यायचा राग एकीवरच निघते. मोप असल्या का वाटून जाते, कोणाले जास्त लागत नाही."

मग ती नदीवर गेली. तिच्यासोबत मीही गेले, सासूबाईंनी कशी कोण जाणे परवानगी दिली. जुन्या लुगड्याच्या पदरात आम्ही तशाच मासोळ्या धरल्या, नदीच्याच पाण्यात ठेवून घरी आणल्या. मला वाटलं, आता सोडायच्या. पण आत्यानं आधी बाह्या सरसावल्या, पेटीत हात घातला आणि आतले सगळे दगड हलवले. शेवाळाचा झुबका या कोपऱ्यातला त्या कोपऱ्यात नेला. खापराचा तुकडा होता तो उपडा केला. पाणी गढूळ झालं. जुन्या मासोळ्या बावरून मधोमध जमल्या.

"हे काऊन?" मी विचारलं.

"जुन्यायले बी घर नवं वाटलं पाह्यजे ना. नाही तं हा दगड माहा, थो कोपरा माहा, असं करते अन् नव्यायले जगू देत नाही. आता पाहाय. कोणालेच मालूम नाही कोणतं कोणाचं."

नव्या सोडल्या. थोडा वेळ सगळा गोंधळ... मग एक वळली, तिच्यामागं दुसरी, आणि हळूहळू जुन्या कोणत्या नि नव्या कोणत्या हे ओळखू येईना. मी पेटीकडे पाहायचं सोडून आत्याकडे पाहत होते. ती पाण्यातच पाहत होती.

"आत्या," मी म्हटलं, "थे मिठाचं मडकं..."

"कोणतं मडकं?" ती म्हणाली. "जाय, पोळ्या जळून राह्यल्या असतील."

तिनं मला मासोळ्या सांभाळायला शिकवलं ते असं, कामाच्या ओघात. विहिरीचं पाणी आणलं की लगेच ओतायचं नाही, उघड्या मडक्यात एक दिवस बसू द्यायचं. पेटीतलं पाणी कधी सगळं बदलायचं नाही. थोडं काढायचं, तेवढंच घालायचं. "साऱ्याचं सारं नवं केलं का जीव घाबरतो," असं ती म्हणे. खायला भाकरीचा चुरा चिमटीभर, पालकाचं कोवळं पान, आणि रांजणाच्या तळाशी वळवळणाऱ्या डासांच्या अळ्या दिसल्या की ती मेजवानी. पोटभर घालायचं नाही, पाणी नासतं. सासूबाई लांबून म्हणत, "माणसाले नाही इतके लाड." पण अळ्या दिसल्या की हाक त्याच मारत.

मी जबलपूरला निघाले तेव्हा आत्या मोटारीपर्यंत आली. बाकीच्या बायका रडत होत्या, ती नाही. मला म्हणाली, "तिथं एकटी राहू नोको. चार बायका जमव. भांडल्या तरी चालते, पण जमव." एवढंच. मोटार हलली तेव्हा ती डोळ्यांवर हात धरून उभी होती. तिला नर्मदा पाहायची होती. येत्या दिवाळीला आणू, या उन्हाळ्यात आणू, असं आम्ही म्हणत राहिलो... इथं मी चार बायका जमवल्या. एक बंगाली आहे, दोघी इकडच्याच, एक नागपूरची. भांडतो. तिला हे तोंडी सांगायचं होतं.

तर नामदेवाची बातमी ऐकून निघालो, भुसावळला गाडी बदलली, मलकापूरला उतरलो, मोटारीनं बुलढाणा, तिथून धाड. सगळ्या वाटेवर मला दोन चित्रं आलटून पालटून दिसत, एकात टोळी आहे आणि एकात नाही. हे म्हणाले, "थोडं डोळे मिटून बस." मिटले की दुसरंच चित्र दिसे. घरी पोचलो तेव्हा तेरवी व्हायची होती. ओसरीवर गेले तर घडवंची रिकामी. लाकडावर पेटीच्या तळाचा चौकोन तेवढा फिकट उमटलेला. मी तिथंच बसले. थोरल्या जाऊबाई जवळ आल्या आणि माझ्या पाठीवर हात ठेवून त्यांनी त्या सकाळचं सगळं सांगितलं.

आमच्याकडे माणूस गेलं की घरात भरलेलं पाणी ओतून देतात. रांजण, हंडे, माठ, देवापुढची पंचपात्री, काही ठेवत नाहीत. आत्याला अंगणात आणलं, गाव जमलं, आणि आत बायका एकेक भांडं रिकामं करू लागल्या. ओतता ओतता त्या ओसरीवर आल्या. पेटीतही पाणीच होतं. कोणाच्या मनात वाईट नव्हतं, उलट सासूबाईंनीच सांगितलं, "मासोळ्या परातीत काढा, पाणी ओता, पेटी घासा अन् नवं पाणी भरून लगेच सोडा तिच्यात. बाईचा जीव होता त्यायच्यात, मेल्या नाही पाह्यजे." जाऊबाई सांगत होत्या आणि मला दिसत होतं, त्या सगळ्याजणी मायेनंच टोळीला मारायला निघाल्या होत्या. आत्यानं हे सगळं शिकवलं ते मला. आणि मी जबलपूरला.

दोघींनी पेटीला हात घातला तेवढ्यात अंगणातल्या माणसांतून उस्मानचाचा पुढे आले. पायरीच्या खाली थांबले. "बाई, थे पाणी नोका ओतू."

सासूबाई रडून रडून बेजार झालेल्या. त्या म्हणाल्या, "उस्मानभाई, सुतकाचं पाणी घरात ठेवतात काय?"

"तसं नाही. पण सारं पाणी एकदम नवं केलं का थ्या मरतात. गोदाबाईनं कधी केलं नाही तसं. इतकी वर्षं पाहून राह्यलो मी."

"मंग काय करू मी? तुमीच सांगा!"

चाचांनी एकदा पेटीकडे पाहिलं म्हणे. मग म्हणाले, "घरातून पाणी गेलं पाह्यजे, एवढंच ना? मी नेतो. पाणी बी नेतो अन् मासोळ्या बी नेतो. तुमच्या घरात थेंब राहणार नाही."

अंगणात सगळे एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बरोबर हाय. गेलं म्हंजे गेलं, ओतलं काय अन् नेलं काय." चाचा घरी धावले, दोन माठ आणि आपल्या भावाला घेऊन आले. एका माठात नुसतं पाणी, एकात टोळी. पेटी उलटी करून भावाच्या डोक्यावर. आत्याला उचलणं त्यासाठी कोणी थांबवलं नाही, आणि चाचाही मागे राहिले नाहीत. घरी सगळं ठेवून, कोपरापर्यंत ओल्या बाह्यांनी ते धावत येऊन तिला खांदा द्यायला रांगेत उभे राहिले.

मी त्याच संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. दुकानाच्या मागं त्यांचं अंगण, तिथं लिंबाखाली सावलीत पेटी. मला जवळ जायचा धीर होईना. चाचा म्हणाले, "एक मेली, बेटी. खोटं नाही सांगत. बाकी हायेत, पाह्य." पाहिलं. सगळ्या वरच्या कोपऱ्यात दाटीनं जमलेल्या, मग एक वळली आणि... मला पुढचं धूसर दिसलं.

चाचांना वाटलं मी त्या एकीसाठी रडते. माझं मन वळवायला त्यांनी कोनाड्यातून एक लहानशी चिंधीची पुरचुंडी काढली. आत भाकरीचा बारीक चुरा. "हे पाह्य. तुही सासू रोज आणते. गल्लीच्या तोंडाशी उभी राह्यते, आत येत नाही, 'हे घ्या' म्हणते अन् चालली जाते. इतका चुरा का टोळीच काय, गाव जेवीन. अर्धा मी कोंबड्यायले टाकतो. तिले सांगू नोको, नाही तं थे बंद करीन."

मी हसले. धाडला पोचल्यापासून पहिल्यांदा.

तेरवी झाली, पाहुणे पांगले, तेव्हा मी सासूबाईंना विचारलं, "आता टोळी घरी आणायची ना?" मला वाटलं होतं, सोपं आहे. त्यांनी मान हलवली. "थ्या आता उस्मानच्या घरच्या पाण्यात हायेत, मथुरे. आणायच्या तं थेच पाणी संगं आणा लागते म्हणते. थे पाणी मी माह्या घरात कशी घेऊ?" मी काही बोलणार तेवढ्यात मोठे दीर म्हणाले की भांडण कशाला, आत्याची आठवण म्हणून ज्याला हवी त्यानं एकेक घेऊन जावी, बरणीत ठेवावी, एक संग्रामपूरच्या घरी जाईल, एक आपण ठेवू नव्या पाण्यात, एक मथुरेला. लुगडी अशीच वाटली होती, भांडी वाटली होती. सगळ्यांना ते पटलं.

मला नाही पटलं. त्या घरात मोठ्यांसमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं. म्हटलं, "एकेक नाही राहत त्या. एकटी ठेवली की खात नाही, कोपऱ्यात पडून राहते. दोघी ठेवल्या की एक दुसरीला फाडते. त्या सगळ्या मिळूनच एक आहेत. आत्याची आठवण ठेवायची तर सगळ्या एका ठिकाणी ठेवा, नाही तर नदीला सोडा, पण वाटू नका."

मग सासूबाई दिरांना म्हणाल्या, "थे बरोबर म्हणते. नदीवरून आणायच्या तवाबी बाई मोप आणत होती." आणि मला म्हणाल्या, "घरात मी नाही घेत. हे माह्यानं होत नाही, तू मले म्हणू नोको. पण वाटू बी देत नाही. राहू दे तिथंच." मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या कमरेला खोचलेल्या चिंधीची गाठ दिसत होती.

जबलपूरला न्यायचं माझ्या मनात होतं, खोटं कशाला सांगू. फार होतं. यांना विचारलंही. हे म्हणाले, "दोन गाड्या बदलायच्या, डब्यात ही गर्दी, हे ऊन. किती पोचतील?" ते मलाही दिसत होतं. माझ्याजवळ हव्यात म्हणून मी त्यांना मडक्यात घालून गाडीत बसवायचं, आणि मग जी काय एक-दोन उरेल ती... नाही. राहू दे म्हटलं.

निघायच्या दिवशी मोटारीला वेळ होता. हे ट्रंकेपाशी थांबले, मी चाचांकडे निरोप घ्यायला गेले. ऊन चढलेलं, चालून घसा सुकलेला. चाचींनी बसायला पोतं टाकलं, ताटलीत खजूर ठेवले. पाणी विचारलं नाही. त्यांनी विचारायचं नाही आणि आम्ही मागायचं नाही, हे पाळूनच दोन्ही घरांचा इतक्या वर्षांचा घरोबा. आमच्या ओसरीवर चाचा आले की त्यांना चहा मिळे तो वेगळ्या कपात, आणि चहा झाला की तो कप ते स्वतः विसळून कोनाड्यात पालथा घालून जात. त्याचं कोणाला काही वाटलं नाही. आत्याला वाटत असे का, ते मी तिला विचारलं नाही, आणि आता विचारता येणार नाही.

पेटीजवळ उभी होते. टोळी काचेशी आली होती, खायला मिळेल म्हणून. मी मागं वळून म्हटलं, "चाची, पाणी द्या प्यायला."

चाची चाचांकडे पाहू लागल्या. चाचा गडबडले. "थांब बेटी, पाटलाच्या घरून आणवतो."

"काऊन? तुमच्या माठातलं सरलं का?"

चाचांनी आपल्या माठाकडे पाहिलं. मग दाढीतल्या दाढीत हसले. "सरलं नाही. मोप हाय."

चाचींनी पेला दोनदा धुतला. थंड होतं पाणी, वाळ्याचा वास होता. मी पिऊन पेला खाली ठेवला तेव्हा चाची पदरानं डोळे पुसत होत्या आणि चाचा उगीचच पेटीच्या कडांवरून बोट फिरवून गळती पाहत होते. म्हणाले, "बेफिकीर जाय. गोदाबाईच्या टोळीले मी हाय तोवर काही होत नाही." "अन् तुमच्या पाठीमागं?" असं माझ्या तोंडापर्यंत आलं, पण ते विचारलं नाही. काळजी करायला मला सगळा रस्ता पडला होता.

सासूबाईंना त्या पाण्याचं अजून ठाऊक नाही. वर्तमानपत्राचा हा रविवारचा अंक फिरत फिरत धाडला जाईल, कोणीतरी चावडीवर मोठ्यानं वाचील, आणि मग काय होईल याची मला लिहितानाही धास्ती वाटते आहे. पण लिहिलं ते लिहिलं. उस्मानचाचा, तुम्हांला वाचता येत नाही. तेव्हा वाचणाऱ्यानं हे त्यांना सावकाश वाचून दाखवावं. आत्याला नर्मदा दाखवायची राहिली ती राहिली. तुमचं तसं होऊ देणार नाही. एक दिवस तुम्हां दोघांना मी जबलपूरला आणीन, माझ्या स्वयंपाकघरात आमच्याच पंगतीला बसवीन, आमच्याच माठातलं पाणी देईन. जेवण झाल्यावर चहा होईल. आणि तुमचा कप मी विसळीन.